उसातला बिबट्या आणि पास्ट टेन्स

जुन्नर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे नववीत आलेलं पोर आठ वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. तरी ‘स्टोरी लिहा’ म्हटलं की वर्ग चिडीचूप. जे लिहितात ते गाइडमधला तहानलेला कावळा नाहीतर प्रामाणिक लाकूडतोड्या, स्वल्पविरामासकट पाठ केलेला. मधली एक ओळ आठवली नाही की गाडी तिथंच अडली.

गेल्या वर्षी नववीला मी गाइड बंद करायला लावलं. आपल्या घरची नाहीतर शिवारातली, खरी घडलेली गोष्ट आणायची आणि ती आधी मराठीत, तोंडी सांगायची. इंग्रजीच्या तासाला मराठी चालणार नाही हा नियम मला कधीच पटलेला नाही. काय सांगायचंय तेच ठरलेलं नसेल तर पोरगं इंग्रजीत शोधणार काय?

गोष्टींना आमच्याकडे तोटा नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्या उसातच मुक्कामाला आला. निम्म्या वर्गाकडे बिबट्याच निघाला. एका मुलीच्या शेतात तोडणी चालू असताना फडात दोन बछडे सापडले होते. वनखात्याची माणसं आली, बछडे तपासले आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवले. रात्री मादी आली आणि एकेक करून दोन्ही उचलून नेले; सकाळी कॅमेऱ्यात सगळं दिसलं. सांगून झाल्यावर जोडीदाराने प्रश्न विचारायचे असं ठरलेलं होतं. शेजारची म्हणाली, “पण तू कुठं होतीस?” “गच्चीवर. आजीनं खालून कडी लावली होती.” ही कडी तिच्या पहिल्या सांगण्यात नव्हतीच. गोष्ट खरी तर तिथून सुरू झाली.

मग इंग्रजी. आधी नुसती क्रियापदं. आपल्या गोष्टीला लागतील ती आठ-दहा क्रियापदं काढायची आणि पुढे पास्ट टेन्स लिहायचा: केम, सॉ, फाउंड, हर्ड, टुक. ही पट्टी वहीच्या कडेला चिकटवलेली. आपण मराठीत गोष्ट रंगात आली की “मग तो येतो, बघतो तर काय” असं सर्रास बोलतो. पोरं तेच इंग्रजीत करतात. पहिल्या ओळीत ‘वेन्ट’, तिसरीत ‘सीज’. पट्टी डोळ्यांसमोर असली की हे बरंच कमी होतं, बोलावं लागत नाही.

पहिला खर्डा आठ वाक्यांचा, त्याहून एक जास्त नाही. फळ्यावर तीन रकाने: कोण, काय केलं, कशाला किंवा कुठे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे ‘द लेपर्ड द गोट टुक’ असली वाक्यं ढिगाने येतात. रकान्यात घातलं की त्यांची ती सुधारतात.

वही तपासताना एका खेपेला एकच गोष्ट बघायची. सगळी वही लाल केली की पुढच्या खेपेला पोरगं चार वाक्यांवर येतं, आणि तीही गाइडमधली. पहिल्या खेपेला क्रियापदं, दुसऱ्या खेपेला फक्त ‘अ’ आणि ‘द’. रिकाम्या जागा भरून हे कधी गळी उतरत नाही, गोष्टीत मात्र उतरतं. बिबट्या पहिल्यांदा आला की ‘अ लेपर्ड’, ओळख झाली की ‘द लेपर्ड’. एकाने विचारलं, “मॅडम, पण तो गावात सगळ्यांना माहीत असेल तर?” मग पहिल्या वाक्यापासून ‘द’ चालेल, म्हटलं. तो खूश. मी त्याच्याहून जास्त.

घोडं अडलं ते तात्पर्यावर. मराठीच्या कथालेखनात तात्पर्य लिहायची सवय, म्हणून इंग्रजीतही शेवटी ‘मॉरल’ हवंच. रात्री मोटार चालू करायला गेलेल्या चुलत्याला बांधावर बिबट्या दिसला, अशी एकाची गोष्ट होती; बॅटरीच्या उजेडात चमकलेले डोळे त्याने फार छान लिहिले होते. आणि खाली मॉरल: रात्री शेतात जाऊ नये. मागच्या बाकावरून आवाज आला, “लाइट रात्रीची असती, मग पाणी कोण देणार?” त्यावर वर्गात जी जुंपली ती तास संपेपर्यंत. त्याने मॉरल खोडलं. बाकीच्यांपैकी काहींनी ठेवलं. परीक्षेत मागितलं तर हाताशी असावं म्हणून मीही फार ताणलं नाही.

परीक्षेत बहुतेक वेळा मुद्दे किंवा सुरुवात दिलेली असते, तिथं स्वतःचा बिबट्या घुसवता येत नाही. म्हणून शेवटी दिलेल्या मुद्द्यांत एक तरी माणूस आणि एक तरी जागा आपली घालायची, एवढाच सराव घेतला. चाचणीत शेतकरी आणि विहिरीचे मुद्दे होते. कोरा पेपर एकाचाही आला नाही. दोघा-तिघांनी तरीही कावळाच लिहिला, विहिरीवर बसवून. स्पेलिंगची बोंब आहे तशीच आहे. यंदा संवाद घ्यायचे आहेत, म्हणजे अवतरणचिन्हांशी गाठ.