आमची वाटचाल : पिना, दोऱ्या आणि डाग

पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानाच्या जिन्याखाली आवाजाच्या दोऱ्या, म्हणजे ऑडिओ केबल, बनवायचं आमचं पहिलं टेबल होतं. मान वाकवून बसायचं, आणि वर कुणी चढलं की धूळ थेट राळेच्या डबीत. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, कटर आणि मल्टिमीटर एवढंच भांडवल. तेव्हा लोक जुने फिलिप्स, ग्रुंडिगचे टेप डेक घेऊन यायचे. त्यांच्या मागे गोल, पाच पिनांचं डिन सॉकेट आणि नव्या अ‍ॅम्प्लिफायरला लाल-पांढरे आरसीए सॉकेट. या दोघांची सोयरीक जुळवणारी दोरी तयार मिळायची, पण बऱ्याचदा एका बाजूचा आवाज गायब. डिनच्या पिनांचे आकडे ओळीनं नसतात, अर्धवर्तुळात १, ४, २, ५, ३ असे येतात. मधली २ म्हणजे अर्थिंग, ३ आणि ५ वरून डेकचा आवाज बाहेर येतो, १ आणि ४ वरून रेकॉर्डिंगसाठी आत जातो. ओळीनं मोजून डाग (सोल्डर) देणारा फसतोच. पहिल्या आठवड्यात मीही फसलो. मग बरोबर जमलेली दोरी खिळ्याला टांगून ठेवली आणि तिच्यावरूनच पुढच्या सगळ्या केल्या.

जिन्याखालून गाळ्यात आलो ते स्पीकर वायरमुळे, आणि गाळा जायची वेळ आली तीही वायरमुळेच. दिवाळीच्या तोंडावर होम थिएटरची गिऱ्हाइकं वाढली होती. एका पुरवठादारानं ‘प्युअर कॉपर’ सांगून आठ बंडलं पाठवली, दरही बरा लावला. बंडल उचलताना बायको म्हणाली, “हे एवढं हलकं कसं?” हिशेब तिच्याकडे, आणि आलेला माल वजन करून घ्यायची सवयही तिचीच. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग बघू.

दोन दिवसांनी वायर सोलताना तारा कटाकट मोडायला लागल्या. एक तार ब्लेडनं खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! (उलट दिसलं, म्हणजे वरून पांढरी आणि आतून तांबडी, तर घाबरू नका. ते कलई केलेलं तांबं, दमट हवेत जास्त टिकतं.) तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे बायकोच्या तराजूनं आधीच सांगितलं होतं. तोवर दीड बंडल खपलं होतं. वहीतले नंबर काढून एकेकाला फोन केला आणि वायर बदलून दिली. पुरवठादारानं हात वर केले. त्या खड्ड्यातून वर यायला पुढची दिवाळी उजाडली.

तेव्हापासून गिऱ्हाइकानं ‘चांगली वायर द्या’ म्हटलं की आम्ही आधी अंतर विचारतो. मागचा स्पीकर पीओपीतून फिरवून १२ मीटरवर नेलाय म्हणा. जाऊन-येऊन तार झाली २४ मीटर. बाजारातली २३/३६ वायर टाकली, म्हणजे ३६ गेजच्या २३ तारा, तर तिचाच रोध सुमारे ०.६ ओहम होतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर साधारण १३ टक्के ताकद वायर तापवण्यात गेली. तिथे अडीच एमएम घ्या (आम्ही सगळे एमएमच म्हणतो, असतं ते स्क्वेअर एमएम), नुकसान ४ टक्क्यांवर येतं. पण अ‍ॅम्प्लिफायरशेजारच्या, दोन मीटरवरच्या स्पीकरला कुणी बोटाएवढी जाड वायर मागितली, तर माझा धंदा बुडाला तरी चालेल, मी दीडच देतो.

सदाशिव पेठेतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून सतत घूं आवाज. त्यांनी दुसरीकडून महागडी आरसीए केबल आणली, मग त्याहून महाग आणली, घूं तशीच. मी घरी गेलो, टीव्हीमागची केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून उपसली. घूं बंद.

“म्हणजे केबलचा दोष नव्हताच?”

“नाही काका. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या, त्यातून घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आवाजाच्या दोरीत शिरली.”

टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे घूंला वाटच उरली नाही. काका मात्र आधीच्या केबलांचे पैसे आठवून बराच वेळ माझ्यावरच चिडले होते.

कोकणातून फोन येतात ते पावसाळ्यानंतर: आवाज खरखरतो, एक बाजू जाते-येते. नव्वद टक्के वेळा तिथे विकण्यासारखं काही नसतं. सेट बंद करून पिना काढा, हिरवट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा, पुन्हा बसवा. सोन्याच्या मुलाम्याच्या पिना तिकडे मी आवर्जून देतो, कारण सोनं गंजत नाही. त्यानं आवाज गोड होतो असं मात्र कुणाला सांगत नाही.

ब्लूटूथ आल्यावर ईपी (इअरफोनच्या) पिनांचा खप पडला, एचडीएमआय आल्यावर आरसीएचा. आता तबकड्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर जुने डेकही माळ्यावरून उतरायला लागलेत. काल संध्याकाळी एक मुलगा आजोबांचा ग्रुंडिग घेऊन आला. खिळ्यावरची दोरी काढली, पाची डाग एकदम चकचकीत दिले, आणि मग पाहिलं तर पिनेचं टोपण टेबलावरच राहिलेलं. ते आधी वायरीत ओवायचं असतं. पाचही डाग पुन्हा सोडवले.