हो, हललाय. मीच हलवलाय.

"हा फोटो हललाय का?" भिंतीवरचं झाडांचं चित्र बघून हा प्रश्न हमखास येतो. भिडस्त माणसं "पेंटिंग आहे का?" असं विचारतात. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते: शटर उघडं असताना अर्धा सेकंद मी कॅमेरा वरून खाली नेला.

हात थरथरला की फोटो बिघडतो, कारण थरथरीला दिशा नसते. इथे दिशा झाडाकडूनच घ्यायची. खोड उभं, तर कॅमेराही उभाच फिरवायचा. मग खोडाचा रंग खोडावरच पसरतो. खोड उरतं, साल आणि पानं पुसली जातात. समुद्रासमोर हेच आडवं करायचं, म्हणजे क्षितिज शाबूत राहतं. झाडांवर आडवा फिरवलात तर बहुतेक वेळा नुसता चिखल होतो. (मी पुष्कळ केलाय.)

भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) 100 आणि एफ/16 (लेन्सचं छिद्र बारीक) ठेवलं तर शटर साधारण 1/125 सेकंदावर येतं. तेवढ्यात काय हलवणार? सहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची गडद काच, लावला की तेच अर्ध्या सेकंदावर जातं. ढगाळ संध्याकाळी फिल्टरही लागत नाही. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलल्याचा परिणाम रोखणारी कॅमेऱ्यातली सोय, मात्र बंद ठेवायचं. आणि हात आधी सुरू करायचा, बटण मग दाबायचं; थांबलेल्या हाताने सुरुवात केली की त्या जागेचा ठसा फोटोत राहतो.

सगळ्यात जास्त फोटो माझे आकाशाने खाल्ले. फांद्यांमधून दिसणारं पांढरं आभाळ कॅमेऱ्याबरोबर ओघळतं आणि खोडं फिकी करून टाकतं. आता आभाळ चौकटीबाहेरच. एफ/22 ला (छिद्र आणखी बारीक) तर आणखी गंमत: सगळं पुसट, आणि स्पष्ट काय, तर सेन्सरवरची धूळ! ती कॅमेऱ्याबरोबरच फिरते ना.

सॉफ्टवेअरची करामत म्हणाल, तर छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी 1950च्या दशकातच रंगीत फिल्मवर, संथ शटर ठेवून बैलझुंजीचे असे वाहते फोटो काढले होते.

भिंतीवरचा हा त्या दिवशीचा सदतिसावा. अगदी असाच अजून एक हवा म्हणून पुढे साठेक काढले. एकही तसा आला नाही.