भरवण्याचे दिवस

लहान मुले वाढवण्याविषयी कोणी बोलू लागले की सर्वांत आधी जागरणांचा विषय निघतो. जागरणे आमच्याही घरात झाली आणि अजूनही होतात, परंतु रात्र कितीही लांबली तरी कधीतरी उजाडते. भरवण्याचे तसे नसते. ते काम दिवसातून चार वेळा नव्याने समोर उभे राहते आणि सकाळी झालेल्या विजयाचा दुपारच्या जेवणाला काडीचाही उपयोग होत नाही. आमची मुलगी तीन वर्षांची आहे आणि मुलाने नुकताच दहावा महिना पार केला आहे, त्यामुळे नाशिकच्या आमच्या छोट्याशा स्वयंपाकघरात सध्या दोन परस्परविरोधी चिंता एकत्र नांदतात : एकीच्या तोंडात घास जात नाही आणि दुसऱ्याच्या तोंडात जमिनीवर सापडेल ते जाते. या सगळ्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. भरवताना खरी कसोटी लागते ती मोठ्या माणसांची, कारण मुलाला किती भूक आहे हे मुलालाच ठरवू देणे आपल्याला अतिशय जड जाते.

नोकरी करणाऱ्या आईच्या बाबतीत तर या कामाचा मुहूर्तच विचित्र असतो. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ही सोय किती मोठी आहे हे ज्यांच्या आईने तीन महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून कामाची वाट धरली होती त्यांना सांगायला नको. तरीही २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, आणि त्यांतले काही आठवडे प्रसूतीच्या आधीच घ्यावे लागले तर तेवढेही नाहीत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, आणि त्यानंतर दुधासोबत वरचे अन्न सुरू करावे, प्रथम दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे शिजवणे, कुस्करणे, भरवणे, पुसणे आणि पुन्हा शिजवणे हे चक्र ज्या आठवड्यात सुरू होते, नेमक्या त्याच आठवड्यात आईला हजेरीपटावर सही करायची असते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेगळी सुटी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण माझे घर आणि कार्यालय यांच्यातले अंतर पाहता ती सुटी मला रिक्षातच संपवावी लागली असती.

अर्थात घरी सासूबाई होत्या म्हणून निभावले. मुलांच्या तोंडात गेलेल्या घासांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हातचे आहेत हे मी मोकळेपणाने लिहिते, आणि आमचे सर्वाधिक वादही याच घासांवरून झाले हेही लिहिते. मुलाच्या उष्टावणाच्या दिवशी पाट-रांगोळी झाली, मामा चांदीची वाटी घेऊन बसला आणि सासूबाईंनी खिरीशेजारी मधाची बाटली आणून ठेवली.

‘आई, मध नको ना. एक वर्ष होईपर्यंत अजिबात देऊ नका म्हणालेत डॉक्टर.’

‘अगं, तुझ्या नवऱ्याला मी पहिल्या दिवशी चाटवला होता. झाला ना एवढा मोठा?’

या युक्तिवादाला सुनेकडे उत्तर नसते. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना समजावले की मधात कधीकधी एका विशिष्ट जिवाणूचे बीजाणू असतात, मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात, परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात आणि मग स्नायू लुळे पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर बाळाला रुग्णालयात ठेवावे लागते. सासूबाईंनी ऐकून घेतले, बाटली फळीवर परत गेली आणि ‘आमच्या वेळी मधही शुद्ध होता’ एवढे बोलून त्यांनी विषय संपवला.

नाचणीच्या बाबतीत मात्र त्यांचे पारडे जड ठरले. मी बाजारातून तयार पाकीट आणणार होते, ते त्यांनी आणू दिले नाही. नाचणी रात्रभर भिजवून त्यांनी सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधली, दुसऱ्या दिवशी गाठोडे उघडले तेव्हा प्रत्येक दाण्याला पांढरा बारीक मोड फुटला होता आणि सगळे स्वयंपाकघर ओल्या मातीसारख्या वासाने भरले होते. ते दाणे सावलीत वाळवून, लोखंडी कढईत मंद आचेवर कोरडे भाजून, दळून त्यांनी मलमलच्या जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ केले. हा सगळा उपद्व्याप कशासाठी, असे मला वाटले होते, आणि नंतर वाचले तेव्हा त्याचे शास्त्र कळले. मोड येताना धान्यातले, लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल कमी होते आणि लोह अधिक चांगले शोषले जाते. शिवाय मोड आलेल्या धान्यातील विकर पिष्टाचे विघटन करतात, त्यामुळे लापशी घट्ट गोळा न होता पातळ राहते आणि बाळाच्या चिमुकल्या पोटात तेवढ्याच वाटीतून अधिक पीठ, म्हणजेच अधिक ऊर्जा, जाते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे तर आता पाकिटांवरही छापलेले असते. सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. ‘मोडाची नाचणी बाधत नाही’ एवढेच त्या सांगत होत्या.

या काळातले सुख सांगायचे तर ते फार बारीक आणि फार पसाऱ्याचे असते. लिंबाची फोड पहिल्यांदा जिभेला लागली तेव्हा मुलाचे संपूर्ण शरीर शहारले, डोळे घट्ट मिटले गेले, आणि पुढच्याच क्षणी त्याने तीच फोड मागण्यासाठी हात पुढे केला. आठव्या महिन्यापर्यंत तो वस्तू पंजाने ओढून घेत असे. मग एके दिवशी ताटलीतली राजगिऱ्याची लाही त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पकडली, तिच्याकडे डोळे तिरळे होईपर्यंत पाहिले आणि ती तोंडाऐवजी कानात घालण्याचा प्रयत्न केला. मऊ गुरगुट्या भात, त्यावर वरणाची निवळ आणि तुपाचा थेंब हे त्याचे सध्याचे पक्वान्न आहे. त्यातला एक तृतीयांश पोटात जातो, एक तृतीयांश लाळेऱ्यावर वाळतो आणि उरलेला संध्याकाळी माझ्या पायाला लागतो.

मुलीची गोष्ट वेगळी होती, आणि मला या लेखात खरे तर तिच्याविषयीच लिहायचे होते. पहिला वाढदिवस होईपर्यंत ती जे पुढे येईल ते खात असे. चौदाव्या महिन्याच्या सुमारास तिने तोंड मिटले. दोन घासांनंतर मान फिरवणे, वाटी ढकलणे, कालपर्यंत आवडणाऱ्या खिचडीकडे परक्यासारखे पाहणे असे सगळे सुरू झाले आणि घर हादरले. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. कोणी दात येत असतील म्हणाले, कोणी जंताचे औषध सुचवले, समोरच्या इमारतीतल्या काकूंनी ‘हाडं दिसायला लागली हो हिची, अंगावरचं दूध तोडा म्हणजे जेवेल’ असे गॅलरीतून सांगितले. अशा वेळी सर्वांच्या नजरा आईकडेच का वळतात हे मला अजून कळलेले नाही. वडील त्याच घरात राहत असतात.

बालरोगतज्ज्ञांनी वजन केले, तक्त्यावर ठिपका मांडला आणि हिशेब सांगितला. साधारण तीन किलोने जन्मलेले मूल पाच महिन्यांत दुप्पट होते आणि वर्षाला तिप्पट, म्हणजे पहिल्या वर्षात ते सुमारे सहा किलो कमावते. दुसऱ्या वर्षात मात्र ते सव्वादोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग असा एकदम उतरला की वजनाच्या मानाने भूकही उतरणारच, आणि नेमके याच वेळी मूल चालू लागल्यामुळे त्याला जेवणापेक्षा जगातल्या इतर सर्व गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटू लागतात. तो तक्ताही मला पहिल्यांदा नीट समजला. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांची मापे घेऊन २००६ साली ती मानके प्रसिद्ध केली, आणि चांगले पोषण व निरोगी परिस्थिती मिळाली तर पहिल्या पाच वर्षांत या सर्व ठिकाणची मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. भारतातील मुले दिल्लीची होती. तेव्हा ‘आपली मुले मुळातच बारीक’ हा दिलासाही चालत नाही आणि शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलनाही चालत नाही. आपल्या मुलाची रेषा तक्त्यावर आपल्या वाटेने वर चालली आहे की मध्येच आडवी झाली आहे, एवढेच पाहायचे. तिची रेषा मधल्या रेषेच्या खाली होती, पण तिला समांतर चालली होती.

डॉक्टरांनी औषध दिले नाही, दूध मात्र निम्मे केले. जेवली नाही म्हणून दूध आणि दूध प्यायली म्हणून पुन्हा भूक नाही, असा फेरा आम्हीच फिरवत होतो. गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असते, आणि बाळ जन्मतः जो लोहाचा साठा घेऊन येते तो सहा महिन्यांच्या आसपास संपत आलेला असतो, त्यामुळे दुधाने भरलेले पोट दिसायला तृप्त असले तरी रक्त फिकट राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्या घरात डाळच महिन्यातून मोजकी शिजते तिथले कारण वेगळे आहे आणि ते अंगणवाडीच्या शिध्याशी, मजुरीशी, बाईच्या स्वतःच्या रक्ताशी जोडलेले आहे. भरल्या घरातले ‘खात नाही हो’ हे त्याच रांगेत बसवू नये, असे मला वाटते.

दूध कमी केल्यावरही घास मोजण्याची सवय सुटायला वेळ लागला. मोबाइल समोर धरला की तोंड आपोआप उघडते, हा शोध आमच्या नातेवाइकांनी फार आधी लावला होता आणि तो आम्हालाही सुचवण्यात आला. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये असे सांगितले जाते, पण मला त्याहून खटकणारी गोष्ट वेगळी होती : चित्र पाहता पाहता गिळणाऱ्या मुलाला आपले पोट भरले हे कळतच नाही, आणि पोट भरल्याचे कळणे हेच तर त्याला शिकायचे असते. त्यामुळे आम्ही एक वाटणी केली. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे आम्ही ठरवणार, किती खायचे हे ती ठरवणार, आणि अर्ध्या तासाने ताट उचलले जाणार. हे लिहायला एका ओळीचे आहे. प्रत्यक्षात चार घास खाऊन ‘झालं’ म्हणणाऱ्या लेकीचे ताट उचलताना सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नसे, आणि नव्या भाजीची चव मुलाला आपलीशी वाटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, ती ताटात यावी लागते हे माहीत असूनही सातव्या वेळी परत आलेली दुधी भोपळ्याची भाजी मुकाट्याने खाणे माझ्या नवऱ्याच्या वाट्याला आले. रात्रीचे भरवणे त्याने पूर्णपणे स्वतःकडे घेतले आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा तरी असते. त्याच्यासारख्या खासगी नोकरदारासाठी कायद्यात तेवढेही नाही, म्हणून मुलांची ओळख करून घेण्याची त्याची वेळ रात्री आठनंतरची आहे.

सध्या घरात पहारा आहे तो शेंगदाण्यांवर. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, खोबऱ्याचे तुकडे असे काहीही लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते, आणि मोठी बहीण प्रेमाने भावाला घास भरवू लागली आहे. द्राक्षांच्या नाशिकमध्ये हा साधा प्रश्न नाही. द्राक्षे उभी चार भागांत चिरूनच ताटात येतील, असा नियम झाला आहे आणि तो सासऱ्यांनीही मान्य केला आहे. जूनपासून मुलगी बालवाडीत जाईल. तिथे डब्यात पोळी-भाजीच हवी असे सांगितले आहे, आणि कन्येने आजवर पोळीची फक्त कड खाल्ली आहे.