गाडीच्या छतावरचं सीलंट अखेर मशीननं सुटलं

भाऊजींच्या काळ्या सेडानच्या छतावरचं सीलंट, म्हणजे पॉलिशनंतर पेंट जपायला लावायचा आणि पांढरी झाक आली की वरचं पुसून काढायचा पातळ थर, अखेर साफ सुटलं. एकही पट्टा नाही, तेलकट ढग नाही, आणि हातातलं कापड फक्त कडेच्या रबराजवळ लागलं. मागच्या वेळी हे सीलंट छतावरून निघतच नव्हतं, त्याचे फोटो इथे टाकले होते. ते पाहून निम्म्या मंडळींनी सीलंट बदलायला सांगितलं होतं, निम्म्यांनी मशीनचं फोम पॅड. दोन्ही तेच ठेवलंय. बदलली ती वेळ, आणि काढायची रीत.

पॉलिशचं थोडक्यात आटोपतो, कारण तिथे काही अडलं नाही. पेंट मऊ, म्हणून कंपाउंडला (जास्त घासणाऱ्या पॉलिशला) हात न लावता थेट मॅग्वायर्स २०५ हे बारीक पॉलिश, फिनिशिंग फोमचं पॅड, १५ एमएमचा डीए (पॅड फिरवता फिरवता डुलवणारं पॉलिश मशीन), स्पीड चार, क्रॉसहॅच (आधी आडवे, मग उभे हात). स्वर्ल (बारीक गोल ओरखडे) गेले, चमक खोल आली. २०५ बद्दल माझं मत आणखी पक्कं झालं. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) बाकीची पॉलिशं दुसऱ्याच फेरीला कोरडी पडून भुकटी उडवतात, हे ओलं राहतं. पण ते ओलं राहतं तेलामुळे, आणि ते तेल पॅनलवर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर, मागे उरतं. ते काढल्याशिवाय सीलंट पेंटला नीट धरत नाही, म्हणून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). या उन्हाळ्यात पॅनलवर फवारलेलं आयपीए कापड टेकायच्या आत उडून जातं आणि कोरडं कापड मऊ काळ्या पेंटवर घासतं. त्यामुळे आता मिश्रण पातळ, साधारण १० टक्क्यांचं, आणि कापडसुद्धा आधी त्यातच ओलसर करून घेतो.

आता छत.

दारं आणि बॉनेट रात्री दहाच्या सुमारास केले होते. त्याच बाटलीतलं सीलंट, तेच मऊ पॅड, तोच स्पीड. मायक्रोफायबरची टोपी (सीलंट पुसायला मशीनच्या पॅडवर चढवायचं कापडी आवरण) एकदा फिरवली आणि दोन्ही लख्ख. छतावर मात्र टोपी फिरली की सीलंट निघायच्या ऐवजी पसरायचं. टॉर्च तिरपा धरला की मशीन गेल्याच्या वाटा धूसर दिसायच्या. हातानं पुसायला जावं तर कापड अडकत अडकत सरकायचं. वरून ताजं सीलंट लावून जुनं विरघळवायचा नेहमीचा उपाय केला, त्यानं कडा सुटल्या, मधला भाग तसाच. बॉनेट आडवं, छतही आडवं, पेंट एक, दिवस एक. मग फरक कशाचा?

उत्तर इन्फ्रारेड थर्मामीटरनं दिलं. रात्री दहाला दार ३६ अंश, बॉनेट ३४, छत ४१. गाडीचा पुढचा भाग पोर्चच्या बाहेर, उघड्या आभाळाखाली असतो, तो निवतो. छत मात्र थेट स्लॅबखाली. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडत राहतो, हे नागपुरात वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला सांगायची गरज नाही. गाडी सावलीत आहे म्हणून पॅनल थंड आहे, हे आपण सगळेच धरून चालतो. आकडा वेगळंच सांगतो. (हे थर्मामीटर पेंटवर भरवशाचं आहे, क्रोमवर नाही. क्रोमचं तापमान हवं असेल तर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा.)

४१ अंशांवर नेमकं काय होतं, ते छताच्या एका कोपऱ्यात मुद्दाम लावून जवळून पाहिलं. सीलंट पॅडखालून बाहेर आलं की त्यातलं सॉल्व्हंट लगेच उडायला लागतं. थर पसरून सारखा व्हायच्या आधीच तो जागच्या जागी बसतो, त्यामुळे पॅड जिथे वळलं तिथे जाड, बाकी पातळ. वरून तीन मिनिटांच्या आतच पांढरी झाक येते आणि वाटतं, तयार. बोट फिरवलं तर पातळ जागी स्वच्छ रेघ उमटते, जाड जागी वरची साय फाटून खालचं ओलं बोटाला लागतं. म्हणजे बोट फिरवून पाहायची ही स्वाइप टेस्ट एकाच ठिकाणी केली तर ती फसवते. त्यात टोपीच्या घर्षणाची उष्णता मिळाली की ते ओलं आणखी मऊ होतं आणि पसरतं.

नागपूरकराला सुचणारा पहिला उपाय म्हणजे कूलर. लावून पाहिला. पंप चालू ठेवला की पॅनल झटकन निवतं, पण हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि आमच्या बोअरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब वाळला की पांढरं कडं सोडतो. नुकत्याच पॉलिश केलेल्या काळ्यावर ते बघवत नाही. पंप बंद केला की नुसता गरम वारा. कूलर परत खिडकीत गेला.

म्हणून पहाट धरली. साडेचारला छत ३१ वर आलेलं असतं, आणि साडेसहापर्यंत काम करता येतं, पुढे ऊन थेट अंगावर. समोरचे काका फिरायला निघाले होते, फाटकाशी थांबून म्हणाले, "काय करून राहिला बावा अंधारात?" त्यांना टॉर्च धरायला दिला आणि ते फिरणं विसरून शेवटपर्यंत थांबले.

३१ अंशांवर तेच सीलंट वेगळंच वागतं. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब निम्म्या छताला पुरले. स्पीड तीन, दाब फक्त मशीनच्या वजनाचा, हात जरा जलद. थर इतका पातळ की दिवा सरळ पडला तर दिसतही नाही. झाक यायला बारा मिनिटं लागली, पण सगळीकडे एकसारखी आली. बोट मधे, कडेला, अँटेनाजवळ, तिन्हीकडे फिरवून पाहिलं. सगळीकडे स्वच्छ रेघ.

काढण्याबद्दल आता सविस्तर, कारण हे बरेच जण विचारत होते. टोपी जाड पॅडवर चढवली की ती जड होते, डीए फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो. थरथरीनं सीलंट उचललं जात नाही. स्पीड वाढवला तर उष्णता. म्हणून टोपीखाली घरातलं सगळ्यात पातळ पॅड घेतलं, बॅकिंग प्लेटवर (पॅड जिला चिकटतं त्या तबकडीवर) मार्करनं रेघ मारली आणि ती रेघ फिरताना दिसेल इतकाच हात हलका ठेवला. स्पीड तीनच. एक टोपी निम्म्या छतापुरती, मग दुसरी टोपी. भरलेली टोपी काढलेलं सीलंटच परत लावते.

टोप्यांबद्दल एक. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त टोपीचं इलॅस्टिक ढिलं निघालं आणि शिवण कडक. अशी शिवण पॅडच्या काठावर आली की मऊ पेंटवर गोल ओरखडे पाडते. बर्डीवरून (इथल्या सीताबर्डी बाजारातून) आणलेली जाड विणीची टोपी दुप्पट महाग पडली, पण तिची शिवण मागच्या बाजूला जाते आणि धुऊनही आकार टिकलाय. धुताना फॅब्रिक कंडिशनर नको, तंतूंवर त्याचा लेप बसतो.

रविवारी दुसरा थर द्यायचा ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. पहिल्या फेरीला टोपी किंचित ओलसर ठेवली तर? पाणी घर्षणाची उष्णता ओढून घेईल आणि कोरडी टोपी फक्त शेवटच्या फेरीला लागेल. पाणी बोअरचं अजिबात नाही, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, ते पेट्रोल पंपावरही मिळतं. तर आता दुसरा थर छताच्या डाव्या अर्ध्यावर ओलसर टोपीनं आणि उजव्यावर कोरड्या टोपीनं काढून पाहणार. तेही पहाटेच. रात्रीच्या ४१ अंशांवर ओलसर टोपी चालली तर मग वेळेचं बंधनच सुटेल, म्हणून डिकीच्या वरचा स्लॅबखालचा भाग त्यासाठी राखून ठेवतोय.

हे सगळं मृगाच्या आधी उरकायचंय. पाऊस सुरू झाला की उलटी अडचण, दमट हवेत झाक यायलाच तयार नसते. कुणी गेल्या पावसाळ्यात पॅनलचं तापमान आणि झाक यायला लागलेला वेळ, दोन्ही लिहून ठेवले असतील तर टाका. माझ्याकडे फक्त उन्हाळ्याचे आकडे आहेत.