तुम्ही विचारलंत म्हणून : रात्रीची महालक्ष्मी की तासाभराचे विमान?

माझ्याकडे काम शिकायला येणारे तरुण वकील, पक्षकार आणि अलीकडे घरी येणारे पाहुणेसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात. कोल्हापूरहून तासाभरात मुंबईला नेणारे विमान असताना तुम्ही अजून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास का करता? विचारणाऱ्याने मनाशी उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते, की मी पैसे वाचवत असेन किंवा मला विमानाची भीती वाटत असेल. दोन्ही खरे नाही, आणि दर वेळी घाईत दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट लिहीत आहे.

मी सांगलीत दिवाणी वकिली करतो. कामे मुख्यतः शेतजमिनीची असतात. वाटणीचे दावे, वहिवाटीचे तंटे, फेरफारावरून उठलेली भांडणे. जिल्हा न्यायालयाचा निकाल लागला की दुसऱ्या अपिलासाठी मुंबईला उच्च न्यायालयात जावे लागे, आणि माझ्या वकिलीची बहुतेक वर्षे महिन्यातून दोन-तीन वेळा ही वारी घडत असे.

प्रवास किती तासांचा आहे, हे आपण सगळेच आधी विचारतो. मला मात्र अनुभवाने दुसरा हिशेब पटला आहे : त्या प्रवासाने दिवस किती मोडतो? महालक्ष्मी कोल्हापूरहून निघून रात्री दहाच्या सुमारास सांगलीला येते आणि सकाळी साडेसातच्या आसपास मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. नऊ-साडेनऊ तास आणि साडेचारशेहून अधिक किलोमीटर. ऐकायला हे फार वाटते, परंतु हे सगळे तास रात्रीचे आहेत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी विजयनगरच्या न्यायालयात आणि नंतर ऑफिसात काम करतो, घरी जेवतो, मग स्टेशनवर जातो. सकाळी स्थानकावरच अंघोळ उरकून, चहा-नाश्ता करून फोर्टात चालत निघालो तरी साडेदहाला न्यायालय बसण्याच्या कितीतरी आधी मी तिथे असतो. काम संपले की त्याच रात्री परतीची गाडी असते आणि पहाटे डोळे उघडतात ते घराजवळच. मुंबईतल्या कामाचा एक दिवस सोडला तर माझा दुसरा कोणताही दिवस खर्ची पडत नाही.

आता विमानाचा हिशेब मांडतो. सांगलीहून उजळाईवाडीचा विमानतळ सुमारे पन्नास किलोमीटर आहे. जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली अशा वाहत्या रस्त्याने सव्वा तास धरावा लागतो. उड्डाणाच्या तास-दीड तास आधी पोहोचायचे, तासभर हवेत राहायचे, मुंबईत उतरून बाहेर यायचे आणि मग विमानतळापासून फोर्टापर्यंत वीसहून अधिक किलोमीटर जायचे. बेरीज पाच तासांच्या खाली येत नाही, आणि हे पाचही तास जागेपणीचे, दिवसाच्या ऐन मध्यावरचे असतात. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापूर-मुंबई सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा ते विमान आठवड्यातून तीनच दिवस होते आणि दुपारी मुंबईत उतरत होते. ज्याचे प्रकरण सकाळच्या सत्रात पुकारले जाणार आहे त्याने मग आदल्या दिवशी जायचे, रात्री मुंबईत खोली घ्यायची आणि एका सुनावणीसाठी दोन दिवस मोडायचे. विमान तासाभराचे खरे. पण त्या तासाच्या दोन्ही बाजूंना जे जोडलेले असते ते तिकिटावर छापलेले नसते.

यातला एक भाग आता बदलला आहे, तेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि विमानतळावरून थेट हुतात्मा चौकात उतरता येऊ लागले. उच्च न्यायालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईच्या रस्त्यावर अडकण्याची जी धास्ती मी कित्येक वर्षे विमानाच्या विरोधात सांगत आलो, ती आता सांगण्यासारखी राहिलेली नाही. सांगली ते उजळाईवाडी हे अंतर मात्र आहे तेवढेच आहे.

सामानाचाही प्रश्न आहे. जमिनीच्या दाव्याची कागदपत्रे म्हणजे सातबाऱ्याचे जुने उतारे, फेरफार, मोजणीचे नकाशे, साक्षीपुरावे आणि खालच्या दोन्ही न्यायालयांचे निकाल. एका अपिलाचे दोन-तीन गठ्ठे सहज होतात. विमानात साधारणपणे पंधरा किलो सामान तळघरात आणि सात किलो हातात नेता येते. मूळ कागदांचा गठ्ठा नजरेआड करायला मी तयार नसतो आणि सात किलोत तो बसत नाही. गाडीच्या वातानुकूलित तीन टायर डब्यात चाळीस किलोपर्यंत मोफत नेता येते. गठ्ठा खालच्या बर्थखाली सरकवायचा, त्यातली उद्या लागणारी फाईल उशाशी घ्यायची आणि काळा कोट खिडकीशेजारच्या हुकाला अडकवायचा. आतापर्यंत एकही कागद हरवलेला नाही.

परंतु रात्रीच्या गाडीविषयी माझ्या मनात जे आहे ते एवढ्या हिशेबाने सांगून होत नाही. काही वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातल्या एका वृद्ध पक्षकार बाई माझ्याबरोबर मुंबईला येत होत्या. त्यांचे अपील मुदतीनंतर दाखल झाले होते, आणि विलंब माफ करावा या अर्जावर दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. विलंबाचे कारण आम्ही अर्जात लिहिले होते, मात्र ते मलाच लंगडे वाटत होते. ऑफिसात त्या चार-पाच वेळा आल्या होत्या, पण प्रत्येक वेळी दीर किंवा पुतण्या बरोबर असे; बोलत तेच, आणि त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत बसत. गाडीने सांगली सोडली, भिलवडी मागे पडली. त्यांनी फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि बोलता बोलता म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्या म्हैन्यात मी मिरजंच्या दवाखान्यातच व्हते न्हवं. पायाचं हाड मोडलं व्हतं. कागुद बिस्कुटाच्या डब्यात हाय घरी."

मुदत संपली त्याच महिन्यातली ही गोष्ट होती, आणि ती अर्जात कुठेच नव्हती. कराड येण्याच्या आधी मी त्यांच्या मुलाला फोन केला. त्याने डबा शोधून दवाखान्याच्या कागदाचा फोटो पाठवला. सकाळी आम्ही अधिक प्रतिज्ञापत्रासाठी वेळ मागितला, तो मिळाला, आणि पुढच्या तारखेला विलंब माफ झाला. विमानात त्या माझ्या शेजारी बसल्या असत्या तर पट्टा बांधणे, कानात दडे बसणे आणि उतरण्याची सूचना यांतच तो तास संपला असता. ऑफिसातल्या खुर्चीत माणूस विचारलेल्याचे उत्तर देतो. गाडीत, जेवण झाल्यावर, दिवे मालवायच्या आधीच्या अर्ध्या तासात तो आपण न विचारलेले सांगतो. माझ्या व्यवसायात याला फार किंमत आहे, आणि महालक्ष्मीच्या डब्यात मला ते एकदा नव्हे, अनेकदा मिळाले आहे.

परतीच्या प्रवासातला घाटही मला प्रिय आहे. मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबते आणि तिच्या पाठीमागे जादा इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर, आणि रेल्वेसाठी तो फारच खडा आहे. पुढचे एक इंजिन पूर्ण गाडी ओढून वर नेऊ शकत नाही, म्हणून मागची इंजिने तिला ढकलतात. हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. बर्थवर आडवे असताना आधी पायथ्याकडून एक हलका धक्का येतो, मग काही क्षण सगळे स्थिर, आणि मग गाडी दोन्हीकडून पेलल्यासारखी सावकाश वर सरकू लागते. दिवसभर उभे राहून युक्तिवाद केलेला असतो. त्या धक्क्यानंतर मला झोप लागते ती बहुतेक वेळा सातारा गेल्यावरच मोडते.

गाडीचे दोष मी लपवणार नाही. झोप सगळ्यांनाच लागते असे नाही, आणि ज्याला लागत नाही त्याला दुसऱ्या दिवशी युक्तिवाद करताना ते जाणवते. आरक्षण मिळणे हाच एक खटाटोप आहे. नोव्हेंबर २०२४पासून ते साठ दिवस आधी उघडते, पण न्यायालयाची तारीख साठ दिवस आधी पक्की असतेच असे नाही. पावसाळ्यात तर घाटाचा आणि कल्याण-कर्जत पट्ट्याचा भरवसा धरता येत नाही. २०१९च्या जुलैत मुंबईहून निघालेली हीच महालक्ष्मी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्या रात्री मी गाडीत नव्हतो, पण ओळखीचे लोक होते. मात्र त्यानंतर दोनच आठवड्यांत कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. २०२१च्या जुलैतही तेच झाले. ज्या विमानतळाचा रस्ताच पाण्याखाली आहे त्याचा सांगलीकराला त्या दिवसांत काय उपयोग? पावसाळ्यात आपल्या भागात दोन्ही वाटा बेभरवशाच्या आहेत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी शक्य असेल तर एक दिवस आधीच निघतो.

विमानाला माझा विरोध नाही. मुलगी बंगळूरला असते. सांगलीहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. म्हणजे जाण्याचा अर्धा दिवस तरी मोडतोच. कोल्हापूर-बंगळूर विमान दीड तासाच्या आसपास घेते. नात झाली तेव्हा सकाळी फोन आला आणि आम्ही दोघे विमानाने त्याच संध्याकाळी तिच्या पाळण्याशी होतो. तिथे गाडीचा विचारही मनात आला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की मुंबईच्या गाडीची वेळ दिवसाला धक्का न लावणारी आहे आणि बंगळूरच्या गाडीची तशी नाही, म्हणून एका गावासाठी मी गाडी धरतो आणि दुसऱ्यासाठी विमान. लहान शहरे विमानाने जोडणारी उडान योजना आली आणि तासाभराच्या उड्डाणातल्या काही जागांना अडीच हजारांच्या आसपासचे भाडे ठरले, त्याने आपल्यासारख्या जिल्ह्यांचे भलेच झाले. आजारी माणसाला हैदराबादला किंवा बंगळूरला न्यायचे असेल तर मी स्वतः विमानाचाच सल्ला देतो.

आता या प्रश्नाचे स्वरूपही बदलले आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालू लागली. या बेंचसाठी आमच्या भागातल्या वकिलांनी कित्येक वर्षे आंदोलन केले. मीही त्यात होतो. तासगावच्या त्या बाईंसारख्या पक्षकाराला आता सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतता येते, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या मुंबईच्या फेऱ्या मात्र वर्षाला चार-पाचवर आल्या आहेत.

त्यातली एक पुढच्या आठवड्यात आहे. मंत्रालयात एका महसुली प्रकरणाची सुनावणी आहे. पक्षकार सत्तरीचे आहेत, गुडघ्यांनी अधू आहेत आणि मुंबईला पहिल्यांदाच निघाले आहेत. बरोबर येणाऱ्या माझ्या ज्युनिअरने, "सर, विमानाचं बघू का?" असे विचारले. मी त्या गृहस्थांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मला रात्री तीनदा उठावं लागतं साहेब, आणि बसून राहिलं की गुडघे आखडतात." तिकिटे मी काढली आहेत. दोन खालचे बर्थ मिळाले आणि एक वरचा. वरचा ज्युनिअरचा आहे, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तिने खालीच बसायचे, एवढे मी तिला सांगून ठेवले आहे.