नाकावरची इमारत

नवा चष्मा डबीतून काढला तर तळाशी घडी घातलेला कागद. काच पुसायचं फडकं कसं वापरावं ते लिहिलं असेल म्हणून उलगडला, तर निघाला निबंध. आमच्या फ्रेमला जुन्या वास्तूंची प्रेरणा आहे, कमानींची लय आणि पाथरवटांची निष्ठा आम्ही काडीकाडीत उतरवतो, वगैरे. चार ओळींत ‘वारसा’ तीनदा. चष्मा लावून पुन्हा वाचला. अक्षरं लख्ख दिसली, प्रेरणा काही दिसेना.

दुपार रिकामी होती, चाळा लागला. चष्मा निरखायचा तर डोळ्यांवर चष्मा हवा, म्हणून जुना शोधून चढवला आणि नवा हातात घेतला. काडीच्या आतल्या अंगाला बारीक आकडे: 50, मग इवलासा चौकोन, 20, आणि 145. काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. मधला पूल किल्लीच्या भोकासारखा. असा पूल नाकाच्या माथ्यावर टेकत नाही, भार दोन्ही उतारांवर सोडतो. कमानही दुसरं काय करते? डोक्यावरचं ओझं बाजूच्या भिंतींच्या गळ्यात मारते आणि आपण मधे ऐटीत उभी. इथवर कागदवाल्याचं पटलं.

इमारती बांधणाऱ्यांचं आणि चष्म्याचं सूत तसं जुनंच. ल कॉर्बुझिए यांचा जाड, काळा, गोल चष्मा त्यांच्या इमारतींइतकाच ओळखीचा. फिलिप जॉन्सन यांनी 1934 मध्ये तसल्याच धाटणीचा स्वतःसाठी बनवून घेतला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या अंगणात काचेचा पिरॅमिड उभारणारे आय. एम. पेई म्हातारपणीही गोल चष्म्यातच. जन्मभर काटकोनांत रमलेल्या या मंडळींना नाकावर मात्र गोलच का लागतं, कोण जाणे.

पण खानदानच सांगायचं तर चष्म्याचं नातं घुमटाशी कमी आणि खिळ्याशी जास्त. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा आला तो दोन भिंगांच्या दांड्या एका खिळ्याने जोडून. काड्या नव्हत्याच. त्या यायला अठरावं शतक उजाडलं. तोवर लोक चष्मा हाताने धरत, नाहीतर नाकाच्या भरवशावर सोडत. इटलीतल्याच त्रेविझो गावात 1352 सालचं एक भित्तिचित्र आहे, त्यात ह्यू नावाचे कार्डिनल, म्हणजे बडे ख्रिस्ती धर्मगुरू, असा बिनकाड्यांचा चष्मा लावून लिहीत बसलेत. चष्मा दाखवणारं हे सर्वांत जुनं चित्र मानतात. गंमत अशी, की हे ह्यू वारले 1263 मध्ये, म्हणजे चष्मा निघायच्या आधीच. चित्रकाराने त्यांना मरणोत्तर चष्मा लावला!

पुढे फ्रान्सच्या जुरा डोंगरात 1796 मध्ये धातूच्या फ्रेमी करायला घेतल्या त्याही एका खिळे घडवणाऱ्याने. जपानमध्ये फुकुईच्या बाजूला हिवाळ्यात बर्फ पडलं की शेतं बंद, हातांना काम नाही. तिथे 1905 मध्ये चष्म्याचा जोडधंदा सुरू झाला आणि आज जपानच्या बहुतेक फ्रेमी तिथल्या साबाए परिसरात होतात. असिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फ्रेम म्हणजे मुळात कापसाचा नाहीतर लाकडाचा लगदा. त्याच्या पत्र्यातून आकार कापतात आणि लाकडाच्या ढलप्यांबरोबर पिंपात घालून दिवसेंदिवस घोळवतात, तेव्हा कुठे कडा गुळगुळीत होतात. कागदावर हे लिहिलं असतं तर मी तो जपून ठेवला असता. पण खिळेवाल्याची प्रेरणा सांगून फ्रेम खपत नसावी.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच लोकांचा. आपला चष्मा न विचारता उचलतात, लावतात आणि ओरडतात, “बाप रे, केवढा नंबर!” मग काचेवर बोटांचे ठसे उमटवून परत देतात. लहानपणी मी यांच्यातलाच होतो, हे त्यांना सांगत नाही. आजोबा दुपारी पेपर वाचता वाचता डुलकी घेत. पेपर छातीवर, चष्मा पेपरावर. तो हळूच लावून मी जिन्याकडे जायचो. जाड भिंगांतून पायरी फुगून अंगावर यायची, कठडा वाकायचा, समोरचा खांब पोट सुटल्यासारखा दिसायचा. पाय टाकावा तिथे पायरी नसायचीच. आजोबांचा आवाज यायचा, “काढ तो आधी, पडशील!” डुलकीतही त्यांना चष्मा गेल्याचं कळायचं. आम्ही राहायचो त्याहून वेगळ्याच घरात आजोबा राहतात, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

ते गेल्यावर वस्तूंची वाटणी झाली. घड्याळ काकांनी नेलं, पेन आत्याने. काठीसुद्धा कुणीतरी नेली. चष्मा राहिला. घरमालक गेला तर घरात दुसरं कुणी राहायला येतं. त्या चष्म्यात कोण राहणार? नव्या काचा बसवता येतात, मला ठाऊक आहे. दुकानदाराला दाखवलाही. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “फ्रेम अजून चांगली आहे हो, कुणाच्या नावाने करू?” मी म्हटलं, राहू द्या.