बाजूच्या केबिनमधली काकू

फोंडा, रविवार, रात्री ११.३०

बोटीवरून उतरून बारा तास होऊन गेले, तरी पायाखालची फरशी अजून हलतेच आहे. वहिनी म्हणाली, डोक्यावरून आंघोळ कर, जाईल. केली. गेली नाही. पण वही काढली ती त्यासाठी नव्हे. ते 'श्श' डोक्यातून जात नाही म्हणून.

बाळाने, माझ्या पुतण्याने, गेल्या वर्षी हे तिकीट काढलं तेव्हा ते दादा-वहिनीचं होतं. ते जाऊ दे. मुंबईला दादाचे रिपोर्ट दाखवायला जायचंच होतं, येताना बोटीने या म्हणाला, दादाजवळ थांबणारी मंदा दोन दिवस जास्त राहायला तयार झाली, आणि दादाच्या जागी माझं नाव पडलं. दोन रात्री आणि मधला एक दिवस नुसता समुद्र. मी मनात म्हटलं, चला, दोन रात्री तरी सलग झोप. या घरात किती महिने झाले, आम्ही चवड्यांवर चालतो. कुकरची शिटी होऊ देत नाही. दाराला कापडाची घडी लावतो. बोटीवर कोणासाठी जागं राहायचं नव्हतं.

तर केबिनच्या भिंतीत एक दार. आधी वाटलं कपाट असेल. मग त्याच्या खालच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला आणि लहान पोराचा पाय त्या उजेडातून इकडून तिकडे धावत गेला. मोठ्या कुटुंबाला दोन केबिन जोडून देता याव्यात म्हणून असं दार ठेवतात म्हणे. कुलूप असतं, पण कुलपाने आवाज अडतो का? भिंती तरी कसल्या! पत्र्याच्या दोन पातळ थरांमध्ये कापसासारखं काहीतरी भरलेलं. बोट कलली की कुरकुरतात. केबिन कुठली मिळणार हे बोटवाले ठरवणार, अशा स्वस्तातल्या बोलीवर बाळाने तिकीट काढलेलं. नकाशा बघून घेतलं असतं तर वर केबिन, खाली केबिन आणि भिंतीत दार नाही, अशी जागा निवडता आली असती. हे मला आता कळतंय. आमच्या तर डोक्यावरच पोहण्याचा तलाव होता. मध्यरात्री वरच्या खुर्च्या ओढत कोणीतरी आवरत होतं, ते अगदी आपल्या कवटीवरून ओढल्यासारखं.

वहिनीने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं, 'झोप गं आता' म्हणाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. हा अन्याय कुठे नोंदवायचा?

पलीकडे भेंड्या चालल्या होत्या. माणसं आपल्यातलीच, मराठी. 'ळ' आला की सगळे एकदम ओरडायचे. सूटकेसची चाकं, ड्रॉवर आपटणं, नळ, संडासातला तो जीव ओढून घेणारा आवाज. मध्येच एक टिकटिक. तिनेच मला सगळ्यात जास्त छळलं. पंधरा मिनिटं मी त्या लोकांना मनातल्या मनात शिव्या देत होते आणि मग लक्षात आलं की टिकटिक आमच्याच कपाटातली, हँगर एकमेकांवर आपटत होते. उठून त्यांच्यामध्ये वहिनीची ओढणी कोंबली. दाराखालच्या फटीत टॉवेलची वळी लावली. उजेड गेला, आवाज तेवढाच.

रिसेप्शनला फोन केला. मुलगी गोड बोलली. माणूस पाठवला. तो कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऐकायला लागला आणि त्याच क्षणी पलीकडे चिडीचूप. माझ्या वाट्याला हे असंच येतं, घरात गळणारा नळ प्लंबर आला की गळायचा थांबतो. तो बिचारा इयरप्लगचं पाकीट देऊन गेला. नारिंगी फोमचे. ते आधी बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत घालायचे आणि फुगेपर्यंत दाबून धरायचे, हेही त्यानेच दाखवलं. बोलणं बरंचसं पुसट झालं. पण उड्या? उडी कानातून येत नाही, पलंगातून येते.

११.४० वाजता मी उठले आणि केसांच्या ब्रशच्या पाठीने त्या दारावर तीनदा ठोकलं.

एकदम शांत. मग एक बारीक आवाज, 'आई, कोण गं?' आणि आई, 'श्श! बाजूच्या काकू रागावल्या.'

झालं. एवढंच. याचं काय एवढं? मी चुकीचं काही केलं नव्हतं. रात्री १० ते सकाळी ६, राहत्या वस्तीत ४५ डेसिबल, हा २००० सालचा नियम मला तोंडपाठ आहे. लग्नाचे लाउडस्पीकर दहानंतर वाजले की या वाड्यावरून पोलिसांना फोन करणारी मीच. (जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं तेव्हा पहिल्या रांगेत चादर टाकून बसणारीही मीच. तो आवाज नव्हे, ते नाटक.) नियम माझ्या बाजूने होता. मग अंथरुणावर पडल्यावर चोरी पकडल्यासारखं का वाटलं?

सकाळी नाश्त्याच्या रांगेत पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी आईचा कुर्ता ओढून म्हणाली, 'हीच ती.' माझ्या ताटात दोन इडल्या आणि कलिंगडाची फोड. आई ओशाळली. 'सॉरी हं काकू, मुलांना सुट्टी आहे ना, ऐकतच नाहीत.' आणि मी काय म्हणावं? 'छे छे, मला तर काहीच ऐकू आलं नाही.' हो, असंच म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी कलिंगडाकडे पाहिलं. वहिनीने मात्र मोठ्याने विचारलं, 'काय ऐकू आलं नाही?'

दुसरी रात्र भेंड्यांची नव्हती. ती 'श्श'ची होती. ग्लास ठेवला, श्श. कोणी शिंकलं, श्श. पोरगी हसायला लागायची आणि ते हसू कोणीतरी तळहाताखाली दाबायचं, तेही ऐकू यायचं. त्या गोंधळात मला डुलकी तरी लागली असती, त्या कुजबुजीत डोळा लागेना. प्रत्येक 'श्श' माझ्या नावाने होता. एक माणूस दाराच्या अलीकडे पडलंय आणि पलीकडे पाच माणसं त्याला घाबरून जगताहेत.

दादालाही असंच ऐकू येत असेल का? पुरे.

लहानपणी पणजीच्या धक्क्यावरून मुंबईला जायचो तेव्हा 'कोकणसेवक'वर डेकवर वळकट्या पसरून झोपायचो. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कोण ते माहीतही नसायचं. कोणाला बोट लागलेली, कोणाच्या टोपलीत कोंबड्या, कोणी भजन लावलेलं, इंजिनाची धडधड पाठीच्या कण्यात. वेंगुर्ला, मालवण, प्रत्येक बंदरात होड्या यायच्या, आरडाओरडा व्हायचा. आणि मी मेल्यासारखी झोपायचे. तेव्हा वय लहान होतं, हे एक कारण. पण ठोकायला दारही नव्हतं.

आज पहाटे मुरगावला बोट लागताना तर कहर झाला. बोट धक्क्याला आडवी सरकवायला नाळेजवळचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, आडवे पंखे फिरवतात, आणि आमच्या केबिन नेमक्या पुढच्या अंगाला. अख्खी भिंत घरघरायला लागली, टेबलावरचा पेला चालायला लागला. एवढ्या त्या राक्षसी आवाजात पलीकडून पोरगी आनंदाने किंचाळली, 'आई, गोवा!' आणि तिच्या आईने, त्या सगळ्या घरघरीच्या वरून, तिला केलं, 'श्श!'

मला हसायलाच आलं. एकटीच पलंगावर बसून हसत होते. जहाज गर्जना करतंय आणि त्या बाईला भीती माझी. वाटलं उठून दारावर ठोकावं आणि सांगावं, अगं ओरडू दे तिला, गोवा आलंय. पण पुन्हा ठोकलं असतं तर त्यांनी श्वास घेणंही थांबवलं असतं.

वास्कोहून टॅक्सीत बसल्यावर बाळाला फोन लावला, पोचलो म्हणून. मागे टीव्ही, मुलांची मारामारी, त्यांचं नेहमीचं. मी 'हॅलो' म्हटलं आणि मागून सूनबाईचा आवाज, 'श्श, आत्या आहेत फोनवर!' टीव्ही गप्प, मुलं गप्प. बाळ म्हणाला, 'बोल आत्ये, काय म्हणतेस?' मी म्हटलं, काही नाही, बोट छान होती.

म्हणजे हे जुनंच आहे. बोटीवर फक्त भिंत पातळ होती म्हणून मला ऐकू आलं.

संध्याकाळी बॅग उपसली तर एक इयरप्लग निघाला, दुसरा बोटीवरच राहिला. जागा सुचेना म्हणून वहिनीच्या मशीनच्या डबीत टाकून दिला. सकाळी चहाच्या वेळी ती तो नाकाजवळ धरून बघेल आणि विचारेल, 'हे कसलं गं गाजर?' तिला मोठ्याने सांगावं लागेल. आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल. गेलं तर गेलं, दादाही एकदा हसेल.

आता मात्र उठते. त्याच्या औषधाची वेळ झाली. या खुर्चीचा पाय फरशीवर घासतो, ती उचलूनच मागे घ्यायला हवी.